राज्य सगळ्यांवर येऊ द्या

लपाछपी, डब्बा ऐसपैस, साखळी, विषामृत. खेळ कुठलाही असो, मराठी पोरांच्या मैदानावर एक पद पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे, ते लिंबूटिंबूचं. वयानं सगळ्यांत लहान, पळायला कच्चं आणि ‘मला पण घ्या’ म्हणून रडणारं जे कोणी असेल त्याला हे पद मिळतं. ते सगळ्यांबरोबर पळतं, लपतं, ओरडतं. पण सापडलं तरी त्याच्यावर राज्य येत नाही आणि बाद झालं तरी बाद धरत नाहीत. व्यवस्था मायेची आहे, शहाणपणाचीही. धाकटं भावंड दोन वर्षांत हाताशी येतं. मग एके दिवशी कोणीतरी जाहीर करतं, आता हा लिंबूटिंबू नाही, याच्यावर राज्य. ते भोकाड पसरतं आणि त्या दिवसापासून खरा गडी होतं.

ज्या लेकराचे पाय जन्मापासून साथ देत नाहीत, ज्याचा हात यंत्रात गेला, ज्याचं अंग ताठरतं आणि मान सावरत नाही, त्याच्या वाट्याला हा दिवस येतच नाही. पंधराव्या वर्षीही ते लिंबूटिंबूच असतं. पुष्कळदा तेवढंही मिळत नाही. दप्तरं आणि चपला सांभाळायला, धावा मोजायला, टाळ्या वाजवायला त्याला मैदानाच्या कडेला बसवलं जातं. बसवणाऱ्यांच्या मनात खोट नसते. त्यांना दुसरं काही सुचलेलं नसतं इतकंच.

सुचावं म्हणून ही पुस्तिका आहे. ती शारीरिक अपंगत्व असलेल्या मुलामुलींसाठी असली तरी वाचायची आहे ती त्यांच्या भोवतालच्या माणसांनी. गुरुजींनी, बाईंनी, आईबापांनी, ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी आणि हो, संध्याकाळी मैदानावर गडी वाटून घेणाऱ्या पोरांनीही. अनुकूलित खेळ म्हणजे काय, तर नियम, साहित्य आणि जागा यांत असा बदल करायचा की त्या मुलाला खरोखर जिंकता यावं आणि खरोखर हरताही यावं. यातला दुसरा भाग हमखास विसरला जातो. ३ डिसेंबरला दिव्यांग दिनाच्या कार्यक्रमात चमचा-लिंबू होतं, संगीतखुर्ची होते, सगळ्यांना बक्षिसं, सगळ्यांना टाळ्या, पाहुण्यांबरोबर फोटो, आणि मग पुढचा डिसेंबर येईपर्यंत काही नाही. ज्या शर्यतीत कोणीच हरत नाही ती शर्यत खोटी असते, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. ज्याच्यासाठी ती भरवली त्याला तर सगळ्यांत आधी कळतं.

उदाहरणादाखल गाव घेतलं आहे गोरेगाव. मुंबईतलं नव्हे, हिंगोली जिल्ह्यातलं. परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळ्या झालेल्या या पाच तालुक्यांच्या जिल्ह्यात सेनगाव तालुक्यात हे गाव येतं. सोयाबीन, तूर, कापूस, हळद ही या भागाची पिकं आणि पायाखाली काळी माती. खेळावर लिहिणारे मातीचा फारसा विचार करत नाहीत. चाकांवर बसलेल्याला मात्र तो करावाच लागतो. पावसाळ्यात ही माती चाकांना अशी धरते की तीनचाकी सायकल जागची हलत नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि कुबडीचं टोक नेमकं भेगेत जातं. पुण्याला बालेवाडीत सिंथेटिक ट्रॅक आहे, पोहण्याचा तलाव आहे. अनुकूलित खेळांवरची बरीचशी माहितीपत्रकं अशा सोयी गृहीत धरूनच लिहिलेली असतात. ती गोरेगावात आणून वाचली तर पहिल्याच पानावर अडायला होतं.

दुसरी अडचण मातीपेक्षा मोठी आहे, ती संख्येची. शहरातल्या संस्थेत व्हीलचेअरवरची दहा-बारा मुलं एकत्र येतात, त्यांचा संघ होतो. गावात काय असतं? एका वयाची दोन-तीन मुलं, आणि तिघांच्या तीन तऱ्हा. एकाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा नसणं), एकीचा पाय आखूड, एकाचा उजवा हात कोपरापासून नाही. यांचा संघ कसा करणार, आणि खेळणार कोणाविरुद्ध? त्यामुळे गावातला अनुकूलित खेळ धडधाकट पोरांना सोबत घेऊनच खेळावा लागतो. शहरात समावेशन हे भाषणातलं मूल्य असेल, गावात ती गरज आहे. त्याशिवाय गडीच पुरत नाहीत.

मुलांच्या अपंगत्वाचं स्वरूपही बदललं आहे, याची नोंद घ्यायला हवी. मागच्या पिढीत अपंग म्हटलं की डोळ्यांपुढे पोलिओ यायचा, एक पाय बारीक, गुडघ्यावर हात टेकून चालणारा माणूस. भारतातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. आज शाळेत असलेल्या मुलांमध्ये पोलिओ जवळजवळ नाही. त्याच्या जागी सेरेब्रल पाल्सी अधिक दिसते, बाळंतपणात बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडणं हे तिच्या कारणांपैकी एक. जन्मजात व्यंगं आहेत, स्नायूंचे आजार आहेत. आणि शेतीच्या गावात अपघात आहेत. मळणी यंत्रात किंवा कडबा कुट्टीत गेलेला हात, मोटारपंपाच्या उघड्या वायरीचा धक्का, झाडावरून किंवा विहिरीत पडून दुखावलेला मणका. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या, त्यांत चालण्या-हालचालीचं अपंगत्व असलेल्या सुमारे ५४ लाख. महाराष्ट्राचा आकडा २९ लाख ६३ हजार. ही मोजणी जुनी झाली आणि तेव्हा अपंगत्वाचे प्रकारही कमी धरले जात. दिव्यांग हक्कांच्या २०१६च्या कायद्यानं ते सातावरून एकवीस केले. पण पोलिओ संपला म्हणजे प्रश्न संपला, असा जो समज गावोगावी आहे तो चूक आहे.

आता थोडा इतिहास, कारण या खेळांचा जन्मच मुळी दवाखान्यात झाला. दुसऱ्या महायुद्धात मणक्याला गोळी लागलेले सैनिक इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात येत. अशा रुग्णांचं भविष्य तेव्हा ठरलेलं होतं, अंथरुणावरच्या जखमा आणि लघवीचा संसर्ग होऊन हळूहळू मरण. १९४४ मध्ये तिथल्या विभागाची सूत्रं डॉ. लुडविग गुटमन यांच्याकडे आली. नाझी जर्मनीतून जीव वाचवून आलेला हा ज्यू डॉक्टर रुग्णांना पडू देत नसे, उठवून बसवत असे. व्हीलचेअरवर बसलेले जवान काठ्या घेऊन चकती टोलवतात हे त्यांनी पाहिलं आणि त्यातून चाकांवरच्या पोलोचा खेळ सुरू केला. पुढे २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिक ज्या दिवशी सुरू झालं त्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. स्पर्धक सोळा, त्यांत दोन स्त्रिया. १९६० मध्ये रोमला जी स्पर्धा झाली ती आज पहिलं पॅरालिंपिक मानली जाते.

या इतिहासात आपला माणूस फार लवकर येतो. मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. सैन्याच्या ईएमई विभागात जवान, मुष्टियोद्धा. १९६५च्या युद्धात अंगात गोळ्या शिरल्या आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. पाण्यात उतरले ते उपचाराचा भाग म्हणून. १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलचं अंतर ३७.३३ सेकंदांत कापलं. जागतिक विक्रम आणि सुवर्णपदक. ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक दोन्ही धरून भारतीयाचं हे पहिलं वैयक्तिक सुवर्ण, अभिनव बिंद्राच्या छत्तीस वर्षं आधीचं. त्या वर्षीचं ऑलिंपिक म्युनिकला झालं, पण तिथल्या क्रीडाग्रामातली घरं स्पर्धेनंतर लगेच रहिवाशांसाठी तयार करायची होती म्हणून अपंगांची स्पर्धा हायडलबर्गला हलवली गेली. कडेला बसवण्याची सवय केवळ गावच्या मैदानाची नाही, हे त्यावरून कळावं. पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. २०२४ मध्ये ‘चंदू चॅम्पियन’ चित्रपट आला आणि आटपाडीपासून औंढ्यापर्यंत सगळ्यांना त्यांचं नाव माहीत झालं. मध्ये बावन्न वर्षं गेली होती.

पेटकरांची गोष्ट सांगताना लोक ‘जिद्द’ हा शब्द फार वापरतात. जिद्द होतीच. पण तिच्यामागे काय काय होतं तेही पाहावं. सैन्याचं रुग्णालय होतं, पोहण्याचा तलाव होता, रोज पाण्यात उतरवणारे हात होते, पोटाची काळजी नव्हती, आणि परदेशी जाण्याचा खर्च उभा करायला क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्यासारखी माणसं होती. यातलं काहीही गोरेगावच्या मुलापुढे न ठेवता त्याला नुसतं पेटकरांचं चित्र दाखवायचं आणि ‘बघ, त्यांनी करून दाखवलं’ म्हणायचं, हा मला अन्यायच वाटतो. अशा प्रेरणेत सगळं ओझं लेकरावर जातं आणि गाव मोकळं होतं. मी पदकांच्या विरुद्ध नाही. पॅरिसला २०२४च्या पॅरालिंपिकमध्ये भारतानं २९ पदकं आणली तेव्हा मीही रात्री जागून पाहिलं. त्यात सांगली जिल्ह्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीचं गोळाफेकीतलं रौप्य होतं, एफ-४६ गटात, १६.३२ मीटर. हाताचं अपंगत्व असलेल्यांचा हा गट. पण पदक हे खेळाचं शेवटचं टोक झालं. गावात सुरुवात संध्याकाळच्या तासाभराच्या खेळानं व्हायला हवी, आणि बहुतेकांसाठी तो खेळ तिथेच राहिला तरी काही बिघडत नाही. धडधाकट पोरांपैकी तरी किती जण राज्य पातळीवर जातात? त्यांना खेळायला देताना आपण पदकाची अट घालत नाही.

तरी एक नाव घ्यायलाच हवं, कारण ते शेजारच्या जिल्ह्यातलं आहे. नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यातल्या होनवडजची भाग्यश्री जाधव. पॅरिसच्या उद्घाटन सोहळ्यात सुमित अंतिलबरोबर भारताचा झेंडा तिच्या हाती होता. टोकियोत ती सातवी आली, पॅरिसमध्ये पाचवी. तिचा प्रकार एफ-३४ गटातली गोळाफेक, आणि तो कसा खेळतात हे गावच्या वेल्डिंगवाल्यानं एकदा मोबाइलवर बघावं. खेळाडू लोखंडी खुर्चीवर बसून गोळा टाकते. खुर्ची पट्ट्यांनी जमिनीला जखडलेली, खेळाडू पट्ट्यानं खुर्चीला. खुर्चीची उंची गादीसकट ७५ सेंटिमीटरच्या वर नको, असा नियम. धावपट्टी नको, ट्रॅक नको. लोखंडी पाइप, चार कड्या, जमिनीत ठोकायच्या चार मेखा आणि जाड पट्टा. एवढ्या सामानात जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या स्पर्धेतला एक खेळ बसतो, आणि हे सगळं सामान गावात मिळतं. काळी मातीही इथे आड येत नाही. उलट मेखा चांगल्या धरते.

खरं तर नियम वाकवण्याची अक्कल पोरांना कोणी शिकवावी लागत नाही. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ज्याला पळता येत नाही तो फलंदाजी करतो आणि त्याच्या वतीनं दुसरा पळतो, हे मराठवाड्यात कुठेही दिसेल. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनं २०११ मध्ये रनर बंद केला. गावात तो अजून पळतो आहे आणि माझ्या मते गावच बरोबर आहे. पण पोरं तिथेच थांबतात. त्याला फलंदाजी देतात, गोलंदाजी देत नाहीत. त्याचा झेल सुटला तर कोणी शिव्या घालत नाही. म्हणजे पुन्हा लिंबूटिंबू. अपंगांच्या क्रिकेटचा मोठा इतिहास महाराष्ट्रातच आहे. त्यांची देशपातळीवरची संघटना उभी करण्यात अजित वाडेकरांचा पुढाकार होता. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या वुस्टरला झालेली जागतिक मालिका विक्रांत केणीच्या भारतीय संघानं इंग्लंडलाच हरवून जिंकली. जानेवारी २०२५ मध्ये कोलंबोला पुन्हा अंतिम सामना, पुन्हा इंग्लंड, पुन्हा विजय. त्या सामन्यांत झेल सोडणाऱ्याला कोणी माफ करत नसणार.

पुस्तिकेतल्या दोन खेळांवर मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण गोरेगावसारख्या गावाला ते कापून बेतल्यासारखे बसतात.

पहिला बसून खेळायचा व्हॉलीबॉल. नेदरलँड्समध्ये १९५६च्या सुमारास सुरू झालेला. मैदान १० मीटर लांब, ६ मीटर रुंद. पुरुषांसाठी जाळीची उंची १.१५ मीटर, स्त्रियांसाठी १.०५. चेंडूला हात लावताना बूड जमिनीवरून उचललं की फाउल. सगळे जमिनीवर सरकत खेळतात आणि हाताच्या जोरावर सरकणं ही ज्याची जन्माची सवय आहे तो इथे पहिल्या दिवसापासून वरचढ असतो. धडधाकट पोरांची पहिल्या पाच मिनिटांत दमछाक होते, कारण पाय नावाची दोन लांब ओझी ओढत सरकायचं त्यांना माहीत नसतं. सहा आणि सहा बारा गड्यांत दोन अपंग मुलं असली तरी सामना रंगतो, म्हणजे संख्येचा प्रश्न सुटला. आणि जागा? १० बाय ६ची गुळगुळीत, कोरडी, छपराची जागा कुठल्या गावात नाही? देवळाचा सभामंडप असतो, आमदार निधीतून बांधलेलं सभागृह असतं, शाळेचा मोठा व्हरांडा असतो. शहाबादी फरशी किंवा टाइल्स, वर पत्रा. लग्न आणि सप्ताह सोडले तर वर्षातले कितीतरी दिवस या जागा मोकळ्या पडून असतात. देवळात खेळ कसला, असं म्हणणारे निघतील. त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नये, शाळेचा व्हरांडा गाठावा. फक्त एक पाहावं. आत जायला पायऱ्या असतील तर शेजारी उतार हवा. ट्रॅक्टरभर मुरूम आणि दोन पोती सिमेंटचं ते काम आहे, आणि त्याचा उपयोग गावातल्या म्हाताऱ्यांनाही होतो.

दुसरा खेळ बोचा. १९८४ पासून पॅरालिंपिकमध्ये आहे आणि तो मुळात गंभीर सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी बेतलेला आहे, म्हणजे ज्या मुलाला गावात कोणत्याही खेळात घेता येणार नाही असं सगळे धरून चालतात, नेमका त्याचा खेळ. एक पांढरा चेंडू आधी टाकायचा. मग एका बाजूनं सहा लाल, दुसऱ्या बाजूनं सहा निळे चेंडू टाकत जायचे. ज्याचा चेंडू पांढऱ्याच्या जवळ त्याचे गुण. आपला चेंडू जवळ न्यावा की समोरच्याचा उडवून लावावा, हा सगळा डाव. गोट्या खेळलेल्या माणसाला याहून जास्त समजावून सांगावं लागत नाही. खरा चेंडू चामड्याचा, २७५ ग्रॅमच्या आसपास, टाकला की फार न घरंगळता थांबणारा. तो विकत आणायला गाव थांबलं तर कधीच खेळणार नाही. जुन्या जीनच्या कापडाच्या पिशव्या शिवून त्यांत ज्वारी भरली तर तो जसा बसतो तशाच या बसतात. एक बारीकशी सूचना: ज्वारी ओली होऊ देऊ नका, नाहीतर कीड लागेल आणि पोरांऐवजी उंदीर खेळतील.

ज्याला चेंडू फेकताच येत नाही त्याच्यासाठी बोचात उतार वापरतात. शेतातला पीव्हीसी पाइप उभा चिरला की पन्हाळीसारखा उतार तयार. मूल डोळ्यांनी किंवा मानेनं खुणावतं, उतार थोडा डावीकडे, थोडा वर. मदतनीस तसा धरतो. मग मूल हातानं, हनुवटीनं किंवा डोक्याला बांधलेल्या कांडीनं चेंडू सोडतं. आता या खेळातला माझा सगळ्यांत आवडता नियम. मदतनिसानं मैदानाकडे पाठ करून बसायचं. डाव बघायचा नाही, सल्ला द्यायचा नाही. आईनं जरी उतार धरला तरी तिनं पाठमोरंच बसायचं. चेंडू चुकीच्या जागी गेला तर तो त्या लेकराचा निर्णय, आणि हरलं तर तेच हरलं. अपंग मुलाच्या आयुष्यात सकाळच्या दात घासण्यापासून रात्रीच्या अंथरुणापर्यंत सगळं दुसऱ्याच्या हातानं आणि दुसऱ्याच्या मर्जीनं होतं. तिथे हा एक तास असा आहे की सगळी माणसं पाठ फिरवून त्याच्या हुकमाची वाट बघतात. मदत कशी करावी, याबद्दल एवढं नेमकं मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं. अपंग मुलगी वयात आली की तिचं घराबाहेर पडणं जवळपास बंद होतं. कारणं आईबापांच्या तोंडून ऐकली तर ती खोटी वाटत नाहीत. तिला कोण नेईल, कोण आणेल, वाटेत कोण कसा वागेल, आणि लघवीला कुठे जाईल. शेवटचं कारण सगळ्यांत साधं आणि सगळ्यांत दुर्लक्षित. ज्या शाळेच्या मुतारीत व्हीलचेअर जात नाही, धरायला आडवा पाइप नाही, तिथे मुलगी सकाळपासून पाणीच पीत नाही. तिच्यापुढे व्हॉलीबॉल ठेवून काय उपयोग? म्हणून खेळाची जागा ठरवताना संडासाची जागा आधी पाहावी, आणि मुलींच्या तासाला एक बाई तिथे असावी. भाग्यश्री जाधवच्या हातातला झेंडा दाखवण्याच्या आधीची ही तयारी आहे.

काळजीच्या गोष्टी पुस्तिकेत सविस्तर आल्या आहेत, मी तीनच सांगतो. मणक्याच्या दुखापतीत कमरेखाली संवेदना नसते, त्यामुळे फरशीवर सरकताना कातडी सोलली तरी मुलाला कळत नाही आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. जाड विजार, खाली गादी आणि खेळ झाल्यावर कातडी तपासणं, यात आळस नको. दुसरी, अशा मुलांना दुखापतीच्या खालच्या भागात घाम नीट येत नाही, अंग तापत जातं. मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये त्यांना दुपारी उन्हात उतरवणं जिवावर बेतू शकतं. खेळ सकाळी किंवा दिवेलागणीला, सोबत पाणी आणि ओला पंचा. तिसरी, सेरेब्रल पाल्सीत घाबरल्यावर किंवा दचकल्यावर अंग आणखी ताठरतं. अशा मुलावर ‘टाक लवकर, टाक लवकर’ असा गिल्ला केला तर त्याला चेंडू सोडताच येत नाही. थांबायचं, त्याचा वेळ त्याला द्यायचा. फिट येणारं मूल असेल तर पाण्यातला खेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. विहिरीवर पोहायला शिकवणारे हौशी काका गावोगावी असतात, त्यांना हे वाक्य दोनदा वाचून दाखवावं.

राहिला कायदा आणि पैसा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम १६ प्रमाणे सरकारी निधी किंवा मान्यता मिळालेल्या शैक्षणिक संस्थांनी अपंग मुलांना इतरांच्या बरोबरीनं खेळाची आणि मनोरंजनाची संधी द्यायची आहे. कलम ३० सगळं खेळावरच आहे आणि त्यात सोयी व कार्यक्रम त्यांना भाग घेता येईल असे नव्यानं बेतण्याची जबाबदारी यंत्रणेवर टाकली आहे. म्हणजे खेळाच्या तासाला अपंग मुलाला वर्गात बसवून ठेवून बाकीच्यांना मैदानावर नेणं ही गुरुजींची सोय असेल, कायद्याला ती मान्य नाही. गुरुजींवर मी राग धरत नाही. एकाच माणसाला शिकवणं, पोषण आहार, निवडणूक आणि सर्वेक्षण करायचं असतं, आणि अशा मुलाला खेळवायचं कसं हे त्याला क्वचितच कोणी शिकवलेलं असतं. गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना शाळेत बोलवून घ्यावं आणि वर्गाऐवजी मैदानावर उभं करावं.

पैशाचं तर आणखी सोपं आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीनं आपल्या स्वतःच्या उत्पन्नातली ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणावर खर्च करायची, असा शासनाचा आदेश आहे. अनेक गावांत ही रक्कम वर्षाच्या शेवटी माणशी वाटून टाकतात. हाती पाचशे-हजार येतात आणि किराण्यात जातात. गरिबाच्या घरात त्याचीही गरज असते, हे मी नाकारत नाही. पण त्यातला थोडा भाग बाजूला काढला तर एक उतार, एक फेकीची खुर्ची, एक जाळी, दोन चेंडू आणि शिवणाऱ्या बाईची मजुरी एवढं निघतं, आणि ते सामान गावाकडे राहतं. पुढच्या वर्षी येणाऱ्या लेकरालाही ते उपयोगी पडतं.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होते. पुढची जी असेल तिच्या आधी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या: ५ टक्के निधीतून दिव्यांग मुलांच्या खेळाचं साहित्य आणि सभागृहाला उतार. अर्जावर त्या मुलांच्या आईबापांच्या सह्या घ्या, खाली गल्लीतल्या क्रिकेट संघाच्याही घ्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.